परत येण्याची वाट आधीच मोकळी ठेवूया



इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं की घरोघरी एक प्रश्न हमखास विचारला जातो, "मग, एमएसला कुठे पाठवताय?" पूर्वी हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या ठराविक घरांतच ऐकू यायचा. आता तो तालुक्याच्या गावातही ऐकू येतो. कुणी घर तारण ठेवतं, कुणी आईचे दागिने मोडतं, आणि मुलं-मुली अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, जर्मनी गाठतात. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांच्या पुढे गेली आणि भारताने चीनला मागे टाकलं. पुढच्याच वर्षी ती ३ लाख ६३ हजारांवर गेली.

जाण्याची तयारी आपण फार कसून करतो. जीआरई, आयएल्ट्स, शिफारसपत्रं, व्हिसाच्या मुलाखतीची तालीम, अगदी प्रेशर कुकर आणि मेतकूट बॅगेत कसं बसवायचं इथपर्यंत. पण परत येण्याबद्दल घरात कुणी बोलतच नाही. तो विषय काढणं अपशकुनासारखं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलाने परत यावं की तिकडेच राहावं, हे आपण सांगायचं नाही. पण हा निर्णय त्याला मोकळेपणाने घेता यावा, याची तयारी विमानात बसण्याआधी झाली पाहिजे. ती झाली नाही तर निर्णय मूल घेतच नाही. व्हिसाची लॉटरी घेते आणि बँकेचा हप्ता घेतो.

व्हिसाच्या खिडकीवर एक, बँकेत दुसरंच

अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा म्हणजे एफ-१. तो मिळवताना अर्जदाराला पटवून द्यावं लागतं की माझं घर भारतात आहे आणि शिक्षण संपल्यावर मी परत जाणार आहे. कायद्यातच तशी अट आहे. मुलं ते उत्तर पाठ करून जातात.

त्याच आठवड्यात आपण बँकेत बसून हिशेब करतो तो मात्र डॉलरच्या पगाराचा. "दोन वर्षं शिकेल, नोकरी लागेल, तीन-चार वर्षांत कर्ज फिटेल." म्हणजे एका खिडकीवर मूल सांगतं की मी परत येईन, आणि दुसऱ्या खिडकीवर आपण सही करतो ती ते परत येणार नाही असं धरून! या दोन गोष्टींचा मेळ कधीतरी घालायला नको का?

कामाचा व्हिसा म्हणजे नेमकं काय?

पुष्कळ पालकांना वाटतं की डिग्री मिळाली की नोकरी आणि नोकरी लागली की व्हिसा. मधल्या पायऱ्या माहीतच नसतात. म्हणून त्या थोडक्यात पाहूया.

१) शिक्षण संपल्यावर एफ-१ वरच १२ महिने काम करता येतं. याला ओपीटी म्हणतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांना आणखी २४ महिने मिळू शकतात. म्हणजे एकूण तीन वर्षं. इतर शाखांना एकच वर्ष.

२) या काळात रिकामं बसायलाही मर्यादा आहे. पहिल्या वर्षात नोकरीशिवाय जास्तीत जास्त ९० दिवस चालतात. मुदतवाढ मिळाली तर सगळे मिळून १५०.

३) त्यानंतर राहायचं असेल तर बहुतेकांना एच-१बी हा कुशल कामगारांचा व्हिसा लागतो. १९९० च्या कायद्याने तो आला. दर वर्षी ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढे शिकलेल्यांसाठी आणखी २० हजार एवढीच मर्यादा. अर्ज कंपनीने करायचा असतो. अर्ज जास्त आले की सोडत काढली जाते. विद्यापीठं आणि काही संशोधन संस्था या मर्यादेच्या बाहेर आहेत.

४) एच-१बी साधारण तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवसांची सवलत.

५) पुढची पायरी ग्रीन कार्ड. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. भारतातून अर्ज प्रचंड, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. या रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं तर आईवडिलांच्या अर्जावरचा त्याचा हक्क जाऊ शकतो.

यातली एकही पायरी फक्त मार्कांवर ठरत नाही, हे लक्षात घ्या. आपण मुलांना बारा-पंधरा वर्षं शिकवलेलं असतं की अभ्यास केला की फळ मिळतं. इथे पहिल्यांदाच हुशार, कष्टाळू मुलाला अशी परीक्षा द्यावी लागते जिची उत्तरपत्रिकाच नसते.

वर्गात करता येईल असं गणित

दहावीच्या गणितात संभाव्यता हे प्रकरण आहे. नाणं आणि फासा टाकून आपण कंटाळतो. त्याऐवजी एकदा हे उदाहरण घेऊन पाहा.

२०२५ च्या मार्चमधल्या एच-१बी नोंदणीत ३ लाख ४३ हजार ९८१ नोंदण्या पात्र ठरल्या आणि त्यांतून १ लाख २० हजार १४१ निवडल्या गेल्या. म्हणजे साधारण १०० पैकी ३५. (मर्यादा ८५ हजारांची असली तरी सगळे पुढे अर्ज करतातच असं नाही, म्हणून निवड थोडी जास्त होते.) ही शक्यता दर वर्षी सारखीच राहील असं धरू. तीन वर्षांची ओपीटी असलेल्या १०० मुलांचं काय होईल?

पहिल्या वर्षी ३५ जणांचा नंबर लागला, ६५ राहिले. दुसऱ्या वर्षी त्या ६५ पैकी सुमारे २३ लागले, ४२ राहिले. तिसऱ्या वर्षी ४२ पैकी १५ लागले, २७ राहिले. म्हणजे तीन वेळा प्रयत्न करूनही १०० पैकी २७ मुलं बाहेर. त्यांची नोकरी चांगली होती, साहेब खूश होते, काम उत्तम होतं. तरीही बाहेर.

हा हिशेब ढोबळ आहे. अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना थोडी जास्त संधी असते. उलट, जास्त पगाराच्या नोकरीला जास्त वजन देणारी सोडत २०२५ मध्ये पुढे आली आहे, तिच्यात नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांची संधी कमी होते. पण आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी धडा तोच राहतो. वर्गातल्या चौथ्या-पाचव्या मुलाला परत यावं लागू शकतं आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. हे वाक्य मुलांनी दहावीतच ऐकलं, तर पंचविसाव्या वर्षी ते कोलमडणार नाहीत.

नियम आपल्या मुलाची वाट पाहत नाहीत

"पण आज नियम चांगले आहेत ना?" असं कुणी म्हणेल. आजचे नियम आज प्रवेश घेणाऱ्याला लागू होतीलच असं नाही. इंग्लंडचंच उदाहरण घ्या. तिथली शिक्षणानंतर काम करण्याची सवलत २०१२ मध्ये बंद झाली. २०२१ च्या जुलैत ती नव्या रूपात, दोन वर्षांसाठी, परत आली आणि आपल्याकडून मुलांचा ओघ वाढला. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ती १८ महिन्यांवर आणण्याचं जाहीर केलं. कुशल कामगार व्हिसासाठी लागणारा सर्वसाधारण वार्षिक पगार २०२४ च्या एप्रिलमध्ये २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० झाला आणि २०२५ च्या जुलैत ४१,७००. नुकत्याच पदवी घेतलेल्यांना थोडी सूट आहे, पण ती कायमची नाही. कॅनडानेही २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली.

अमेरिकेत २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झालं, सुरुवातीला एका वर्षासाठी. पुढच्या महिन्यात खुलासा आला की अमेरिकेतच असलेल्या आणि विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही. मधल्या काळात किती घरांची झोप उडाली असेल, कल्पना करा.

या खुलाशातली एक बाजू मात्र फारशी बोलली जात नाही. तिकडे असलेल्याला शुल्क नाही, पण भारतात बसून नव्याने एच-१बी मागणाऱ्याला ते आहे. म्हणजे "दोन वर्षं घरी येऊन बघतो, नाही जमलं तर परत जातो" असं म्हणणाऱ्याच्या मागे दार लागतं. दार मागे लागणार असेल तर माणूस उंबरठा ओलांडायला घाबरतो. नियम कडक केले की परदेशी माणसं निघून जातील असं तिथल्या सरकारांना वाटतं, पण पुष्कळदा उलटंच होतं. जे जाऊ-येऊ शकले असते, ते आहे तिथेच चिकटून बसतात.

खरा निर्णय हप्ता घेतो

आता घरातल्या हिशेबाकडे येऊ. समजा ४० लाखांचं कर्ज आहे, व्याज १० टक्के आणि फेड १० वर्षांची. हप्ता येतो महिना सुमारे ५३ हजार. दहा वर्षांत भरायचे एकूण ६३ लाखांच्या वर. शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळंच. डॉलरच्या पगारात हा हप्ता निघतो. पण पुण्यात परत येऊन हातात ७० हजार पडणाऱ्या मुलाने ५३ हजार हप्ता भरला तर उरलं काय? खोलीभाडं आणि डबा.

मागे एका पालकसभेनंतर एका माजी विद्यार्थ्याचे वडील थांबले होते. म्हणाले, "सर, पोरगं म्हणतंय, तिकडं करमत नाही, येऊ का परत? काय सांगू त्याला?"

मी विचारलं, "कर्ज किती राहिलंय?"

"तीच तर गोम आहे ना सर. मी म्हटलं, करमत नसलं तरी चार वर्षं काढ बाबा."

वडिलांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांच्यासमोर दुसरी वाटच नव्हती. पण त्या मुलाच्या राहण्याला "निर्णय" म्हणता येईल का? अशी मुलं लॉटरीत नंबर लागला नाही की केवळ तिथे राहता यावं म्हणून दुसऱ्या मास्टर्सला प्रवेश घेतात, पुन्हा फी भरतात. कुणी नियमात न बसणारी कामं रोखीवर करतं आणि पकडलं जाण्याच्या भीतीत जगतं. घरी फोनवर मात्र "सगळं मस्त चाललंय."

म्हणून माझ्या मते कर्ज घेताना एकच कसोटी लावावी. भारतातल्या पगारातून हा हप्ता झेपेल का? झेपत असेल तर मूल खऱ्या अर्थाने मोकळं आहे. झेपत नसेल तर आपण शिक्षणासाठी नाही, लॉटरीच्या तिकिटासाठी कर्ज काढतोय. २० लाखांच्या कर्जाचा हप्ता याच दराने साधारण साडेसव्वीस हजार येतो. त्यात परत येऊन जगता येतं.

"मग साध्या घरातल्या पोरानं जाऊच नये का?"

हा प्रश्न रास्त आहे. पैसेवाल्याच्या मुलाला कसोटीची गरज नाही, मग ती फक्त आपल्यालाच का?

जावं, जरूर जावं. पण वाट शोधून जावं. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त राहण्या-खाण्याचा खर्च दाखवावा लागतो, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. भाषा मात्र मनापासून शिकावी लागते. अमेरिकेत पीएचडीला पुष्कळदा फी माफ होते आणि विद्यावेतनही मिळतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. किती शाळा-कॉलेजांत या योजनांची माहिती फलकावर लागते? दोन वर्षं इथे नोकरी करून, थोडे पैसे साठवून, अनुभव घेऊन जाणं हीही चांगली वाट आहे. असं मूल परत आलं तरी त्याच्या हाताला जुना अनुभव असतो.

परत आलेल्याला आपण काय म्हणतो?

पैशाइतकीच दुसरी बेडी आहे लोकलाजेची. मुलगा परत आला की सोसायटीत, भावकीत पहिला प्रश्न येतो, "काय, तिकडे जमलं नाही वाटतं?" मुलगी परत आली तर चौकशी आणखी वाढते. लग्नाच्या बाजारात "अमेरिकेत असतो" आणि "अमेरिकेतून आलाय" यांचे भाव वेगळे असतात, हे आपण सगळे जाणतो.

शाळाही यात मागे नाहीत. स्नेहसंमेलनाला पाहुणा बोलवायचा तर सुट्टीवर आलेला परदेशस्थ माजी विद्यार्थी. गौरवफलकावर फोटो कुणाचे? जे गेले त्यांचे. जे शिकून परत आले, इथे एखादा कारखाना, दवाखाना, शेतीचा प्रयोग किंवा प्रयोगशाळा चालवतात, त्यांना आपण कधी मुलांसमोर उभं केलं?

खरं तर परत येण्याची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. लंडनमधला अभ्यास अर्धवट ठेवून १९१७ मध्ये ते परत आले. पण बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत अपमान झाला, आणि ते शहर सोडावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि १९२३ मध्ये ते परतले, त्याच वर्षी त्यांना डीएस्सी मिळाली. पुढचा इतिहास आपण मुलांना शिकवतोच. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये जगभर नाव झाल्यावर १९७२ मध्ये परत आले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली.

बाबासाहेबांची हकीकत मी मुद्दाम सांगितली. "देशासाठी परत या" असं व्याख्यान देणं सोपं आहे. पण परत येणाऱ्याला आपण जागा कुठे देतो? शिक्षण सर्वोच्च असूनही जातीमुळे त्यांना खोली मिळाली नाही. आजही कुणी जातीमुळे, कुणी मुलगी म्हणून मिळणाऱ्या मोकळेपणामुळे, कुणी प्रयोगशाळेतल्या साधनांमुळे तिकडे राहतं. सगळे काही डॉलरला भुलून राहत नाहीत. अशा मुलांना कृतघ्न म्हणणं मला मान्य नाही. त्यांना परत यावंसं वाटेल असं इथे काही करणं, हे आपलं काम.

आणि "म्हातारपणी आमच्याकडे कोण बघणार?" हे ओझंही फोनवरून दर रविवारी टाकू नये. परत यायला लागणारं कारण मुलाचं स्वतःचं असावं. आईवडिलांच्या धाकाने आलेलं मूल मनाने तिकडेच राहतं.

जाण्याआधी घरात बोलायच्या पाच गोष्टी

१) हप्ता भारतातल्या पगारातून झेपेल एवढंच कर्ज. जास्त लागत असेल तर विद्यापीठ किंवा देश बदलून बघायचा.

२) थांबायची तारीख आधी ठरवायची. "इतक्या प्रयत्नांनंतर नंबर लागला नाही तर परत येईन, आणि घरचे एक शब्द बोलणार नाहीत." हे खरंच तोंडाने बोला. गृहीत धरू नका. तारीख नसली की "दोन वर्षांनी येतो" हे वाक्य वीस वर्षं चालतं.

३) डिग्री इथे चालते का ते आधी तपासायचं. इंग्लंडच्या एक वर्षाच्या मास्टर्सबाबत आपल्याकडे पूर्वी अडचण यायची. २०२२ च्या जुलैत दोन्ही देशांत परस्पर मान्यतेचा करार झाला, पण अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा असे व्यावसायिक अभ्यासक्रम त्याच्या बाहेर ठेवले होते. सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी करायची असेल तर हे पाहणं फार महत्त्वाचं.

४) इथली ओळख तोडायची नाही. कॉलेजचे शिक्षक, जुने सहकारी, पुण्या-बंगळूर-हैदराबादमधली परदेशी कंपन्यांची केंद्रं यांच्याशी संपर्क ठेवायचा. संशोधन करणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी, रामानुजन अशा परतणाऱ्यांच्या फेलोशिप आहेत, त्यांची माहिती ठेवायची.

५) घरातली त्याची खोली, त्याचं कपाट जसं आहे तसं ठेवता आलं तर ठेवा. हसू येईल, पण परत येता येतं हे मुलांना अशाच गोष्टींतून कळतं.

आपण शिक्षकांनी आपल्यापुरतं एक करूया. या वर्षीच्या मार्गदर्शन वर्गाला परदेशी गेलेला एक माजी विद्यार्थी बोलवा आणि परत आलेला एकही बोलवा. दोघांना शेजारी बसवा आणि मुलांना हवे ते प्रश्न विचारू द्या. कर्ज किती होतं, कधी रडू आलं, का राहिलात, का आलात. एका तासात मुलं जे शिकतील ते कोणत्याही परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यात त्यांना कुणी सांगणार नाही, कारण तिथे फक्त जाण्याचं तिकीट विकलं जातं.